पुराव्याचा फोटो

ता. ४ जुलै

ती. ताईस, सा. न. आणि सोबत थोडा राग.

तुझ्या कार्यालयाचं परिपत्रक आलं: पहिली-दुसरीच्या वर्गात टॅब बंद. मी आनंदाने सगळे टॅब कपाटात कोंडले. पण पुढची ओळ कोणत्या शहाण्याने लिहिली गं? वर्गात टॅब नाहीत याचा फोटो बाईंनी दर तासाला मोबाइलवरून पाठवायचा म्हणे. नाकापेक्षा मोती जड. नेट मिळावं म्हणून मी दिवसभर खिडकीत हात वर करून उभी, आणि मुलं फोन दिसला की लिहिणं सोडून फोटोसाठी ताठ बसतात.

वर्गात एक अबोल मुलगी आहे, आम्ही तिला मुंगी म्हणतो. टॅबवर बोट फिरवायची सवय, पेन्सिल धरता येत नव्हती. काल तिने पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं, मला तीनदा हाक मारली. मी खिडकीत. वळले तोवर तिने खोडलं होतं. का, तर फोटो काढून झाला, आता कोण बघणार म्हणून. आज काही केल्या लिहीना. मला रडूच आलं.

तुझी वैतागलेली,
बबडी

ता. ९ जुलै

चि. बबडीस अ. उ. आ.

तो शहाणा मीच. साहेबांना पुरावा हवा होता, मी जेवणाच्या सुट्टीआधी दहा मिनिटांत ओळ खरडली. चुकलंच. पण आता ती बदलायला वरची सही लागते. तू अजून कायम झालेली नाहीस, तेव्हा मुकाट्याने फोटो पाठव. रागावलीस तरी पत्र लिहीत जा.

तुझी ताई

ता. २२ जुलै

ती. ताईस, सा. न.

फोटो का नाहीत याचा खुलासा मागणारी नोटीस मिळाली, खाली तुझी सही. आपलेच दात, आपलेच ओठ.

फोन मी टॅबशेजारी कपाटात ठेवला. तेरा दिवस एकही फोटो गेला नाही. तेवढे दिवस मुंगीजवळ बसले. खुलासा म्हणून सोबत तिने नाव लिहिलेला कागद पाठवते. पेनने लिहायला लावलंय, खोडता येऊ नये म्हणून. नोकरी गेली तर तुझ्याकडेच राहायला येईन, अंथरूण काढून ठेव.

बबडी

ता. २७ जुलै

चि. बबडीस अ. उ. आ.

साहेब म्हणाले, कागद चालणार नाही, त्याचा फोटो जोडा. मी भांडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ओळ काढायचा प्रस्ताव वर गेलाय, काय होईल ते सांगता येत नाही. तोवर तुझी नोटीस माझ्या खणात, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.

कागद फाइलला लावायचा होता, पण तिरकी, मोठाली अक्षरं बघत बसले. मुंगीला सांग, तिचं नाव मी वाचलं. फोटो काढला नाही.

लोभ आहेच, भांडणासकट राहू दे.

तुझी ताई