कोऱ्या कॅनव्हासचे कलम

॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥

मी महिपती दत्तोबा ढमाले, वय एकोणपन्नास, धंदा पाट्या रंगवण्याचा, राहणार परंदवडी, तालुका मावळ. येत्या बुधवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. बुद्धी ठिकाणावर आहे, मन नाही. तरी कोणाच्या दबावाशिवाय, आईला स्मरून माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो.

१. राहते घर, मागची भातखाचरे व बँकेतली शिल्लक पत्नी सरुबाईची. तिच्यामागे मुलगा ओंकार व मुलगी समीक्षा यांना निम्मे निम्मे. समीक्षाचे लग्न झाले म्हणून हक्कसोडपत्रावर तिची सही कोणी मागू नये.

२. शिडी धाकटा भाऊ अंबाजीला. देवळाच्या भिंतीवर मी रंगवलेल्या मारुतीवर त्याने याच शिडीवर चढून टाइल्स बसवल्या. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नाही. आता राग सोडतो. खालून दुसरी पायरी हलते, जपून चढावे.

३. ब्रश व रंग समीक्षाला. ब्रश टर्पेंटाइनमध्ये उभे ठेवू नयेत, केस वाकतात.

४. बागेत बसलेल्या बाईचे तैलचित्र. मला माणसाचा चेहरा रंगवायला शिकायचे होते, पण गावात समोर कोणी बसेना. आमच्याकडे तेलरंगात भिंतीवर असतात ती गेलेली माणसे. म्हणून लोणावळ्याच्या फकरुद्दीन सरांनी एका जुन्या फ्रेंच चित्राची छापील प्रत दिली आणि नक्कल करायला लावली. पाटीच्या सवयीने मी आधी काळी रेघ ओढायचो, सर ती पुसायचे. उजेड थांबतो तिथे नाक संपते, तिथे रेघ नसते, असे सांगायचे. ते समजायला मला वर्ष लागले.

चित्र ओले असताना शेजारच्या आक्काबाई आल्या. कोण वारली, असे विचारून उत्तराची वाट न बघता त्यांनी चित्रातल्या बाईच्या टोपीखालच्या कपाळाला कुंकू लावले आणि हात जोडले. मी फार चिडलो. सरांनी मात्र ते पुसू दिले नाही. सगळ्या चेहऱ्यावर तेवढाच रंग न घाबरता लागलाय, म्हणाले. हे चित्र आक्काबाईंना द्यावे. त्यांनी हार घालू नये.

५. कोरा कॅनव्हास. हा सरुबाईसाठी ताणून, पांढऱ्या रंगाचा हात देऊन ठेवला आहे. पावसाळाभर तिच्या मागे लागलो. "तुमाला मला जित्तेपणीच भितीला टांगायचंय व्हय?" म्हणते, आणि बागेतल्या बाईला चहा विचारते. मी परत आलो नाही तर कॅनव्हास कोराच ठेवावा. फोटोवरून तिचे चित्र कोणाकडूनही करून घेऊ नये. फोटोवाल्यांनी तिला हसायला लावलेले आहे. ती तशी हसत नाही.

एवढे लिहून मी मोठ्याने वाचले. सरुबाई तांदूळ निवडत होती.

"मंग कशी हसते मी?"

सांगता येणार नाही, दाखवता येईल, म्हणालो.

तिने सूप बाजूला सारले, खुर्ची खिडकीशी ओढली आणि बसली. "लय वेळ न्हाई बसणार," म्हणाली.

६. सायकल, भांडीकुंडी व इतर चीजवस्तूंचे मुलांनी आपसात ठरवावे. उजेड उतरायच्या आत मला सुरुवात करायची आहे, म्हणून लिखाण इथेच थांबवतो.

ठिकाण : परंदवडी
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५
सही : महिपती दत्तोबा ढमाले

साक्षीदार : महिपतीने आमच्यासमोर सही केली. सहीवर पडलेला डाग ओल्या रंगाचा आहे, ती खाडाखोड समजू नये.
१. फकरुद्दीन शेख, लोणावळा
२. सुहास पापळ, परंदवडी