पडद्यावरचा हसरा सूर्य

सोमवार, ९ जून

ती. दादास,

नमस्कार लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. आईला काल हॉस्पिटलमधून घरी आणलं. उशीला टेकून बसते, थोडं थोडं खाते आणि शेजारणीच्या चुका काढते, म्हणजे बरीच आहे. तुझा पुष्पगुच्छ पोचला. त्याच्यावरही आपल्या कंपनीचा तो हसरा सूर्य चिकटवलेला पाहून मला शिसारी आली. सरळ कचऱ्यात टाकला.

आता कामाचं. रुग्णाच्या खाटेशेजारी लागणारं, त्याच्या श्वासावर लक्ष ठेवणारं आपलं यंत्र चालू केलं, की त्यातली मुख्य प्रणाली, लिनक्स, जागी होण्याआधी एक छोटीशी व्यवस्था उठते. ती मी बांधली होती. डिस्क शोधायची, तपासायची, कारभार त्या थोरल्या लिनक्सच्या हाती द्यायचा आणि बाजूला व्हायचं, एवढंच तिचं काम. डिस्क सापडली नाही तर काळ्या पडद्यावर ठळक अक्षरांत 'यंत्र बंद आहे, दुसरं लावा' असं लिहायचं आणि कर्कश ओरडायचं. याउपर कोडची एक ओळही आत घ्यायची नाही, हा माझा नियम. त्यावरून तुम्ही सगळे मला चिक्कू म्हणायचात.

तुला तो काळा पडदा नको होता. गिऱ्हाईक घाबरतं म्हणालास. मी रजेवर गेले आणि तू त्यात सूर्य घातलास, फिरणारं चक्र घातलंस, वर संगीत. जागा पुरेना, तेव्हा तपासणी आणि ओरडा काढून टाकलास. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय. आता डिस्क मेली तरी सूर्य हसतच राहतो.

मला किळस येते, दादा. त्या हसण्याची आणि तुझीही.

हॉस्पिटलमध्ये त्या दुपारी मी औषधं आणायला खाली गेले होते. परत आले तर आईचे ओठ निळे पडलेले आणि शेजारी आपल्याच यंत्रावर सूर्य हसतोय. नर्स पलीकडच्या खाटेपाशी होती. म्हणाली, "सुरू होतंय ना ताई, चक्र फिरतंय बघा." तिचा काय दोष? तिने पडद्यावर विश्वास ठेवला. मी किंचाळले, डॉक्टर धावले, ऑक्सिजन लावला. आई थोडक्यात वाचली. तुला फोनवर 'जरा दम लागला होता' एवढंच सांगितलं, कारण पुढे बोलले असते तर तोंडातून शिव्याच आल्या असत्या.

परवा नवा माल निघतोय म्हणे. मी जुनी व्यवस्था परत बसवून ठेवली आहे. तीच पाठव, आणि बाहेर गेलेली यंत्रं आधी परत बोलाव. नाहीतर प्रत्येक हॉस्पिटलला मी स्वतः कळवीन.

आणखी एक. शुद्धीवर आल्यावर आईने विचारलं, "ते यंत्र आपल्या दादाचंच ना गं?" आवाजात कौतुक होतं. मी म्हटलं, "नाही आई, दुसऱ्या कुणाचं तरी."

इतकं घाणेरडं खोटं मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. तुझ्यासाठी बोलले. परवा सूर्य बाहेर पडला, तर संध्याकाळी मी तिला खरं सांगणार आहे.

तोवर तुझी,
धाकटी