कारंज्यातला समुद्र

कारंजा (लाड),
९ ऑक्टोबर १९७७

प्रिय गुलाबसिंग,

तुला रामराम आणि माझा जयभीम. दीड वर्षात तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता हे जाड पाकीट हातात पडल्यावर तुला वाटेल, मास्तरचं काही काम अडलं असेल. काम आहे. पण सरळ त्यावर येण्याइतकं धैर्य अजून गोळा झालेलं नाही, म्हणून आधी इकडचं तिकडचं लिहितो. भागिरथा बरी आहे. थोरली पोरगी सातवीत गेली आणि गणितात माझ्या चुका काढते. एसटी स्टँडजवळच्या तुझ्या रेडिओच्या दुकानात आता एक तसबिरींना चौकटी करून देणारा बसतो. माणूस चांगला आहे, पण त्या दारावरून जाताना अजून माझी सायकल आपोआप हळू होते.

आपली काचेची पेटी प्रयोगशाळेमागच्या सामानाच्या खोलीतच आहे. रिकामी. तिच्यात कोणीतरी नकाशांच्या गुंडाळ्या उभ्या करून ठेवल्यात. परवा त्या बाहेर काढून मी पेटी पुसली, आणि मग तिथेच स्टुलावर बसून राहिलो.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात विज्ञान शिक्षकांच्या शिबिराला मी रत्नागिरीला गेलो होतो, तेव्हा पहिल्यांदा समुद्र पाहिला. वय चौतीस. लाटांचं मला फार काही वाटलं नाही. पण ओहोटी लागल्यावर खडकांच्या खळग्यांत जे पाणी उरतं, त्यात वाकून पाहिलं आणि मी शिबिरच विसरलो. दगडाला चिकटलेली हिरवी-तपकिरी फुलं, बोटाची सावली पडली की मिटणारी. ती फुलं नव्हेत, जिवंत प्राणी आहेत, हे मी मुलांना वर्षानुवर्षं फळ्यावर चित्र काढून शिकवत होतो. खरं तर मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. परत आल्यावर मी हे तुला तुझ्या दुकानात बसून सांगितलं, तेव्हा तू एका रेडिओचं पोट उघडून बसला होतास. मान वर न करता तू म्हणालास, "मंग आनू ना इथी." जसं काही मूर्तिजापूरहून भाजी आणायची आहे.

आपली पहिली खेप तुला आठवत असेल. सुट्टी संपायच्या आत आपण दोघं गेलो आणि रॉकेलच्या डब्यांतून समुद्र आणला. रत्नागिरीहून मुंबई, मुंबईहून मूर्तिजापूर, आणि तिथून आपल्या छोट्या आगगाडीनं कारंजा. डबे आतून गंजत होते हे आपल्याला कळलं ते पाणी चहाच्या रंगाचं झाल्यावर. चौथ्या दिवशी सगळं संपलं होतं. मी दोन दिवस पेटीकडे फिरकलोच नाही. तू मात्र गंजलेला डबा उन्हात धरून आतून पाहत होतास आणि म्हणत होतास की पुढच्या वेळी लोखंड पाण्याला दिसलंसुद्धा नाही पाहिजे. पुढची वेळ येणारच, हे तू परस्पर ठरवूनही टाकलं होतंस.

दिवाळीच्या सुट्टीत आपण ॲसिडचे मोठे काचेचे बुधले गवतात गुंडाळून नेले. पेटीची लोखंडी चौकट तू आतून खरवडून तिला मेण आणि राळ पाजलीस. तीन वेळा गळली, तीन वेळा तू ती पुन्हा पाजलीस. त्या खेपेला फुलांचे दोन दगड, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले दोन मासे आणि शंखात राहणारा एक खेकडा जिवंत पोचले. खेकड्याचं नाव तू भाऊसिंग ठेवलंस, कारण तुझे मामा भाऊसिंग कुठेही गेले तरी सगळा बिस्तरा पाठीवर घेऊन जातात. मामांना हे कळलं तेव्हा ते मुद्दाम तांड्यावरून खेकडा पाहायला आले आणि बराच वेळ त्याच्याकडे बघून, नाव बरोबर आहे, असं सांगून गेले.

मग फेब्रुवारीत फुलं आकसायला लागली. पाणी आटत होतं, म्हणून मी शास्त्रीय पद्धतीनं मीठ तोलून, खारं पाणी बनवून भर घालत होतो. जितकी भर घालावी तितकी फुलं लहान होत होती. एक दगड तर अर्धा काळा पडला. तू पेटीच्या काठावर जमलेली पांढरी पुटं बोटानं खरवडलीस, जिभेला लावलीस आणि म्हणालास, "मास्तर, पानी उडून जाते. मीठ कुठी जाते?" मी बी.एस्सी. झालेला माणूस. हे मला आधी सुचायला हवं होतं. त्या दिवसापासून तू बॅटरीत घालायचं बिनक्षाराचं पाणी आणून पेटी भरायला लागलास, आणि आठवड्याभरात फुलं उमलली.

तो उन्हाळाही तुझ्यामुळेच निघाला. पेटीभोवती ओली पोती, खिडकीला ओली पोती, आणि दुपारी दर तासाला पाणी मारायला आपण आळीपाळीनं. वीज जायची तेव्हा हवेचा पंप बंद पडायचा. त्यावर तू ट्रकच्या चाकाची ट्यूब पंपानं फुगवून तिला ती पितळी तोटी बसवलीस. वीज गेली की तोटी जरा सैल करायची. ट्यूबमधली हवा बुडबुड्या-बुडबुड्यांनी तीन तास पाण्यात जात राहायची. गावातल्या पिठाच्या गिरणीला जे जमलं नाही ते आपल्या पेटीला जमलं होतं. वीज गेली तरी आपलं काम चालू.

शहात्तरच्या जानेवारीत शाळेचं विज्ञान प्रदर्शन झालं. मंगरूळपासून लोक आले होते. तुझी आई, गोमतीबाई, तांड्यावरून सकाळच्या गाडीनं आली आणि दुपारपर्यंत पेटीसमोर मांडी घालून बसली. कोणी उठ म्हणायची हिंमत केली नाही. मग तिनं पाण्यात बोट बुडवून चाखलं, तोंड वाकडं केलं, आणि रांगेतल्या सगळ्या बायकांना सांगितलं की हे तिच्या पोरानं आणलं आहे. माझं नाव तिनं घेतलं नाही. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही, असं मी स्वतःला आजवर सांगत आलो. खरं सांगायचं तर थोडं वाटलं होतं.

आता मार्चवर येतो.

तू त्या गुरुवारी मामांच्या घरच्या लग्नाला गेला होतास. दोन्ही माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले होते, हे तू जाण्याआधी आपण पाहिलं होतं. तू म्हणालास, मी येईपर्यंत थांब, काही करू नको. सोमवारी शिक्षण खात्याचे साहेब पेटी पाहायला येणार होते. मला वाटलं, त्यांनी निरोगी मासे पाहावेत. अकोल्याहून आणलेल्या एका इंग्रजी पुस्तकात या ठिपक्यांवर औषध दिलं होतं: मोरचूद, अगदी चिमूटभर. प्रयोगशाळेच्या कपाटात मोरचुदाची बाटली होतीच. शाळा सुटल्यावर मी ते निळे खडे पाण्यात विरघळवले आणि पेटीत ओतले. कोणाला सांगितलं नाही. तू परत आल्यावर मासे स्वच्छ झालेले पाहशील आणि एकदा तरी मी तुला चकित करीन, असं मनात होतं.

शुक्रवारी एकही फूल उमललं नाही. शनिवारी भाऊसिंग शंखाबाहेर येऊन पडला होता. रविवारी तू आलास तेव्हा पाणी दुधासारखं झालं होतं आणि मासेही गेले होते. तू शर्टाच्या बाह्यांसकट हात पेटीत घालून एकेक दगड बाहेर काढलास. मी दाराशी उभा होतो. शनिवारीच मी त्या पुस्तकाचं पान उलटलं होतं. पुढच्या पानावर लिहिलं होतं की हे औषध फक्त माशांना चालतं. फुलांना, खेकड्यांना, शंखांना मोरचुदातलं तांबं म्हणजे विष, आणि ती मेली की पाणी नासून मासेही जातात. गुरुवारी मी ते पान उलटलं नव्हतं.

सोमवारी साहेब यायच्या आधी शिक्षकांच्या खोलीत मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे कशानं मेलं. तू पेचकस हातात घेऊन माझ्या शेजारी उभा होतास. मी तोटीकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "पितळेत तांबं असतं, सर. समुद्रातल्या जिवांना तांबं विषारी असतं." या वाक्यातला शब्दन् शब्द विज्ञान म्हणून खरा आहे. पण गुलाबसिंग, त्या तोटीतून फक्त हवा जायची. ती पाण्याच्या वर, काठाला बांधलेली होती. ती पाण्याला कधी शिवलीच नव्हती, आणि वर्षभर तीच तोटी असताना फुलं उमलत होती. हे मला बोलतानाही माहीत होतं. तू तोटीकडे पाहिलंस आणि म्हणालास, "माह्या हातून झालं, सर."

तू मला कधी सर म्हणत नव्हतास.

तुझी तोटी, ट्यूब, नळ्या पुसून टेबलावर ठेवून तू गेलास. मी त्या दिवशी खरं बोललो असतो तर काय झालं असतं? मुख्याध्यापक रागावले असते, एवढंच. पण मला वाटलं, हे लोक मनात म्हणतील की यांना शिकवून खुर्चीवर बसवलं तरी शेवटी असंच होणार. त्या भीतीनं मी तुला पुढे केलं. आणि त्यातली खरी लाज मला फार उशिरा कळली. माझ्या बापाला या तालुक्यात विहिरीवर जाऊ दिलं नाही, का तर त्याच्या हातानं पाणी बाटतं. तो हे सांगायचा तेव्हा त्याचा आवाज चढायचा नाही, उलट बारीक व्हायचा. आणि त्याचा शिकलेला मुलगा मी, माझ्या मित्राला चारचौघांत सांगून मोकळा झालो की तुझ्या हातानं पाणी नासलं.

त्या वर्षीच्या दिवाळीत तू रिसोडकडच्या मालेगावला दुकान हलवलंस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो. दिसलं नाही की विसरता येतं, असा माझा हिशेब होता. मधे दोनदा पत्र लिहायला बसलो. दोन्ही वेळा पत्रात पावसापाण्याचं लिहून झालं आणि पुढे काही सुचलं नाही, तेव्हा फाडून टाकली.

मागच्या गुरुवारी भागिरथा रिसोडला तिच्या बहिणीकडे गेली होती. तिथल्या बाजारात तिला लिलावहिनी भेटल्या. वहिनींनी सहज बोलता बोलता सांगितलं की तू आता दुरुस्त झालेला रेडिओ तीन-तीनदा उघडून पाहतोस आणि तरी गिऱ्हाइकाच्या हातात देताना घाबरतोस. दवाखान्यातलं हवेचं एक यंत्र तुझ्याकडे दुरुस्तीला आलं, तर जिवाचं काम माझ्याकडे नको म्हणून तू ते परत पाठवलंस. भागिरथानं घरी येऊन मला हे सांगितलं आणि विचारलं की भाऊंना एकाएकी काय झालं असेल. तेव्हा मी तिला मोरचुदाचं सांगितलं. तिलाही आजवर ठाऊक नव्हतं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मले सांगून काय होते? त्याले सांगा."

म्हणून हे पत्र. काल शाळा सुटण्याआधी, त्याच खोलीत, सगळे शिक्षक बसलेले असताना मी मुख्याध्यापकांना सांगितलं की पेटी मी मारली, मोरचूद घालून, आणि गुलाबसिंग राठोडचा त्यात तिळाएवढाही दोष नव्हता. दोघा-तिघांना तर तुझं नावही आठवेना, पेटी कुठली हेही आठवेना. त्यांच्या लेखी ती बाब कधीच संपली होती. ती फक्त तुझ्याकडे शिल्लक राहिली, आणि ते माझ्यामुळे. माफ कर, असं मी लिहीत नाही. ते मागायचं तर तुझ्यासमोर उभं राहून मागितलं पाहिजे. येत्या शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं मी शेलूबाजारवरून मालेगावला येतो. मला पाहायचं नसेल तर दुकानाचं दार लावून घे. मला वाईट वाटणार नाही, मी दुपारच्या गाडीनं परत फिरेन. पण दार बंद असलं तरी समोरच्या चहाच्या टपरीवर बसून, तिथं जे कोणी असतील त्या सगळ्यांना, तुझ्या तोटीत काहीही खोट नव्हती, हे मी सांगूनच जाणार आहे. आणि ते दवाखान्याचं यंत्र पुन्हा आलं, तर ठेवून घे.

तुझाच,
देवमन