टाकणखाराची लाही

आई, देवासच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून तुला लिहिते आहे. आत तुझी पणती सलाइन लावून पडली आहे. चार महिन्यांची. सकाळपासून दूध ओढलेलं नाही. तिचा हात उचलला तर तसाच खाली पडतो.

खोकल्यासाठी अँटिबायोटिक झालं आणि तिच्या जिभेवर, गालांच्या आत पांढरे डाग आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बुरशी आहे, तान्ह्यांना होते, घाबरू नका. दिवसातून चार वेळा थेंब. सुनेच्या छातीलाही मलम, नाहीतर मायलेकी एकमेकींना पुन्हा पुन्हा देत राहतील. बाटलीचं निपल रोज उकळायचं, लंगोट ओला ठेवायचा नाही, डाग गेले तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे. डाग खरवडायचे मात्र नाहीत. सून कारखान्यात कामावर निघताना म्हणाली, "मम्मी, थेंब टाइम पे देना हं. आणि फोन नका करू, मी तिथेच रडत बसेन."

दोन दिवस दिले. डाग तसेच. पोर बाटलीला तोंड लावी आणि किंचाळून सोडी. मला ते बघवेना, आणि मला धारचं आपलं स्वयंपाकघर दिसायला लागलं. तू पाटावर बसली आहेस, तिरला गावाहून आलेली बाई म्हणते आहे, "बाई, म्हारो छोरो दूध नी पीवे." तू म्हणतेस, "आण इकडे. आधी तू रडणं थांबव, मग तो थांबेल." बोटाला मलमल गुंडाळून, टाकणखार तव्यावर फुलवून केलेली लाही मधात कालवून तू त्याच्या तोंडात फिरवतेस. मी त्याचे पाय धरून उभी आहे, शाळेचा गणवेश अजून अंगावर. आणि ती बाई तुझ्याकडे देवाकडे बघावं तशी बघते आहे.

मीही तेच केलं. तीन वेळा. मलमलीला रक्त लागलं तरी केलं. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या.

इथे डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "माताजी, घर में कुछ चटाया तो नहीं?" माझ्याआधी सूनच म्हणाली, "नहीं मॅडम, मम्मी कॉन्व्हेंट की पढ़ी हैं, वो ऐसा कुछ नहीं करतीं." मी गप्प राहिले. तासभर, आई. पोर सुस्तावत होती आणि मी गप्प होते.

मग आत जाऊन टाकणखार आणि मधाचं सांगितलं. "ये पहले बोलना था ना! साल भर से छोटे को शहद भी नहीं देते, और ये सुहागा तो ज़हर है," असं म्हणत त्या धावल्याच. सुनेने माझ्या मांडीवरचं बाळाचं दुपटं उचललं आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. अजून काहीच कळलेलं नाही. दार उघडलं की मी उठते, आणि कोणी माझ्याकडे बघत नाही.

तू आता नाहीस, हे पत्र कुठे टाकणार? पण एक तुला सांगायलाच हवं. डॉक्टरीणबाईंपुढे, सुनेपुढे मी म्हणाले, "माझी आई असंच करायची." तेवढंच म्हणाले. माझा मुलगा तान्हा असताना मी हेच करायला बसले होते, तेव्हा तू वाटी माझ्या हातातून काढून घेतलीस आणि म्हणालीस, "मी केलं ते अडाणीपणाने. तू त्याला डॉक्टरकडे ने." ते मी कोणालाच सांगितलं नाही.