चौदावा फर्मा

१७ नोव्हेंबर १९५९
वाचनालयाचे चिटणीस बापू आज परत पिशवी घेऊन हजर. आणखी दोन पुस्तकं दुरुस्तीला. एकाला पुठ्ठा नाही, दुसऱ्याला पुठ्ठाही नाही नि नावाचं पानही नाही. म्हटलं, "बापूनू, आधीचीच पडून आसत." तर म्हणतात, "पडांदेत. तुमच्याकडे पडलेली बरी. आमच्याकडे वाळवी खाता."
चहा घेऊन गेले. जाताना खाटेकडे वळून सौ.ला विचारलं, कशी काय? ती म्हणाली, "आसंय. अजून वहीतला नाव कमी करूक नाय." बापू हसले. मला हसू आलं नाही.
पायावर सूज कालइतकीच. कमी नाही हे खरं, वाढली नाही हेही खरं.

२० नोव्हें.
सध्या चार एकदम चालू. सकाळी आंघोळ करून पो. (पोथी), रोज एक अध्याय. दुपारची पेज झाली की खाटेशी बसून ग. नाव फाटलंय, गलबताची गोष्ट म्हणून ग. उन्हं कलली की चो., ती चोराची. आणि माझं एकट्याचं झाडपाल्याचं, ते चुलीपुढे.
डोकं म्हणजे मासळीबाजार झालाय. एकाचं माणूस दुसऱ्यात घुसतं.
खोड जुनी. मुंबईत बायंडिंगला लागलो तेव्हा अक्षर येत नव्हतं. टेबलावर पाच कामांचे छापील फर्मे येऊन पडायचे. सोळा-सोळा पानांची घडी करायची, नंबराने लावायची, शिवायची. घड्या करता करता अक्षरं लावत गेलो. ह्याची सोळा पानं, त्याची सोळा पानं. पुढचा फर्मा हाती येईपर्यंत आधीचं पुस्तक बांधून दुकानात गेलेलं असायचं. जन्मभर असं तुकड्यांनी वाचलं. शेवट फारसे बघितलेच नाहीत.
त्याचं तेव्हा वाईट वाटायचं. आता

२६ नोव्हें.
त्या दिवशीचं वाक्य अर्धंच राहिलं. लिहून टाकतो, वाचणारं कोण आहे.
गेल्या श्रावणात पोथीची सांगता केली. शिरा, नारळ, सगळी वाडी जमली. त्याच संध्याकाळी सौ. तुळशीकडे दिवा लावायला गेली ती तिथेच बसली. छाती धरून. दिवाळीआधी एक कादंबरी वाचून दाखवत होतो, ती दुपारी संपली, आणि दुसऱ्या दिवशी तिला बैलगाडीत घालून मालवणला न्यावी लागली.
दोनदा. मला म्हणे लोक सुधारलेला समजतात. वाडीत देवचाराची, भुताखेताची गोष्ट निघाली की मीच हसणारा. आणि आता पुस्तक संपत आलं की मीच उरलेली पानं मोजायला लागतो.
म्हणून चार एकदम. संपत आलं की बाजूला, दुसरं पुढे. कुठलंच संपू द्यायचं नाही.

३ डिसेंबर
ग. शेवटाला आलं. गलबत चालवणारा तांडेल वादळात, बायको घरी वाट बघत. सौ. म्हणते, "मगे? पोचलो काय घराक?"
म्हटलं, पुढची पानं सुटलीत, शिवायला काढलीत.
खोटं नाही. दुपारीच काढली. शेवटचा फर्मा उसवून फडक्यात बांधून पत्र्याच्या पेटीत टाकला. चो.चाही काढून ठेवला. पुस्तकात पानंच नसली म्हणजे मलाही मोह नको आणि शेजारची शेवंता येऊन वाचून दाखवील ही भीतीही नको.
झाडपाल्याचं राहू दिलं. त्याला शेवट असा नाहीच, आघाड्यापासून हिरड्यापर्यंत.

९ डिसें.
पोथीचं तसं करता येईना. सुटी पानंच ती, त्यांना उसवायचं काय. शेवटचा अध्याय तोंडावर आला, तर आज परत पहिल्यापासून सुरुवात केली. मान खाली घालून. वाटलं, औषधाच्या गुंगीत आहे, कळायचं नाही.
अध्याय झाल्यावर हात जोडले तिने. मग म्हणते, "ह्यो झाल्लो मागे."
"पुण्य दुप्पट," मी म्हटलं.
"होय तर. आणि सांगतेचो शिरो?"
चूल विझली होती, ती फुंकायला गेलो.

१८ डिसें.
डॉ. येऊन गेले. मीठ बंद, म्हणजे बंद. हृदय थकलंय म्हणाले. मला बाहेर बोलावून म्हणाले, जपा. कसं जपायचं ते सांगितलं नाही.
सौ. अळणी पेजेकडे बघून तोंड वाकडं करते. "ह्या परास समुद्राचा पाणी पाजा." शेवंताला हळूच सांगत होती, एक खारो बांगडो भाज गो, नुसतो वास घेतंय. मी ऐकलं. शेवंताने माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच नाही म्हटलं. वासानेसुद्धा मन जाईल.
मी फार वाईट माणूस झालोय. पेजेत मीठ नाही, गोष्टीला शेवट नाही.

२४ डिसें.
थकवा. रात्री तिचा श्वास ऐकत पडतो, दिवसा वाचतो. चष्म्यातून ओळी पोहतात. चो. परत मागल्या भागापासून धरलंय. ती चालवून घेते. मधेच तिचा डोळा लागला असं वाटून थांबलो तर म्हणते, "आयकतंय. वाचा."
आमचा चि. वसंत रजा काढून येतो म्हणतो, कसालला गाडी बदलून. कळवलं, घाई नको, बरी आहे. बरी आहे म्हणजे काय ते मलाच ठाऊक नाही.

५ जानेवारी १९६०
बापू. या खेपेला चहासुद्धा नको म्हणाले. वाचनालयाची वार्षिक सभा या महिन्यात, सगळी पुस्तकं कपाटात दिसायला हवीत. "तात्यानू, गलबताचा पुस्तक तीन बायका मागतत. एक तर म्हणता, तात्यांनीच गिळल्यानी."
"शेवटचा फर्मा शिवायचो आसा."
"मगे शिवा! तुमका कित्याक सांगूक होया, जन्म गेलो तुमचो त्याच्यात."
सौ. खाटेवरून सगळं ऐकत होती. तिचं न बोलणं मला कळतं.

८ जाने.
बसलो पडवीत. सुईला मेण लावलं, पेटी उघडली. ग. आणि चो. दोन्ही एकाच छापखान्याची, एक आकार, एकच टाइप. फर्म्याच्या पायाशी बारीक नंबर असतो तो बघायचा, मागचा तेरा असला की पुढे चौदा. बायंडर मजकूर बघत नाही. बघायला लागला तर दिवसाला एक पुस्तक व्हायचं नाही. माझे डोळे आता नंबरापुरतेच उरलेत म्हणा. चौदा दिसला, शिवला; दुसऱ्यालाही तसाच. पान २०८ नंतर २०९. बरोबर. खळ लावून दगडाखाली दाबून ठेवलं.
उद्या बापूंकडे देऊन टाकायचं. तिला न सांगता.

९ जाने.
न सांगता कसलं. सकाळीच म्हणाली, "शिवलास मा? मगे बापूंकडे जाच्या आधी माका वाचून दाखवा."
"सावकाश वाचू गो. बापू परत आणून देतील."
"आजच. माका तो तांडेल घराक पोचलेलो बघूचो आसा."
पेजेनंतर बसलो. तेरावा फर्मा सरेपर्यंत ठीक. पान उलटलं नि त्यापुढे मी काय वाचलं ते देवाला माहीत. तोंड चालू होतं, डोळे तिच्या तोंडाकडे. ओठ निळे दिसतात का, श्वास लागतो का. एक पान, दोन पानं, तीन, चार.
तिने हात वर केला.
"अवो, गलबतार फौजदार खंयसून इलो?"
बघतो तर फौजदार बंगल्याच्या जिन्याखाली चोर शोधतोय! वादळ नाही, समुद्र नाही. चो.चा चौदावा ग.ला शिवलेला.
सौ. हसायला लागली. किती महिन्यांनी. "चार पाना वाचलास! तांडेल बुडता थय आणि तुमी जिन्याखाली!" हसता हसता खोकला, खोकल्यात परत हसू. पाठीवर हात फिरवला, पाणी पाजलं. मी घाबरून अर्धा झालो आणि ती डोळे पुसतेय पदराने. शेवंता धावत आली, तिला सगळं साग्रसंगीत सांगितलं. "आमच्या घोवान गलबतार पोलीस धाडल्यान गो!" आता संध्याकाळपर्यंत वाडीभर होणार.

१० जाने.
हसणं ओसरल्यावर काल जे बोलली ते आज लिहितो. काल हात चालला नाही.
म्हणाली, "तुमी वाचतास, पण आयकणत नाय. मी आयकतंय, आणि तुमी माका बगतास."
मग म्हणाली, "पेटयेत शेवट कापून ठेवलास, माका म्हायत आसा."
"कापून नाय. उसवून."
"काय ता. पोथी पयल्यापासून धरलास, त्याच दिवशी समाजलंय. मी काय कुकुलं बाळ आसंय?"
मग तीच, अगदी हळू, जसं पोराला समजावतात तसं: "माझो फर्मो तुमच्या पेटयेत नाय हां."
बाहेर आलो. नारळीला टेकून उभा राहिलो थोडा वेळ. घरात कामं होती.

१३ जाने.
दोन्ही परत उसवली, परत शिवली. या वेळी नंबर बघितला आणि मजकूरही वाचला. पण प्रत्येकाच्या फक्त पहिल्या चार ओळी, पुढे नाही. ते तिच्याबरोबर.
बापू दारावरून गेले. "तात्यानू, सभा इली." म्हटलं, चार दिवस द्या. या खेपेस कारण विचारलं नाही. शेवंताने सांगितलेलं दिसतं.

१७ जाने.
सौ.ने ठरवून टाकलंय. पोथीची सांगता परवा. आमंत्रणं तिचीच, खाटेवरून, शेवंताकरवी. शिरा कोण करणार तेही ठरलं. मी म्हटलं, "माघ लागांदे गो, दिवस बरो बघूया."
"तुमी कधीपासून दिवस बघूक लागलास?"


१९ जाने.
झाली सांगता. सकाळी अंगण सारवलं शेवंताने. बायका-पुरुष मिळून पडवी भरली. सौ. भिंतीला टेकून, मागे दोन उशा, हिरवं लुगडं. मी पाटावर.
शेवटच्या अध्यायाआधी घोटभर पाणी घेतलं. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी नजर गेलीच. तिने डोळ्यांनी पोथीकडे बोट दाखवावं तसं केलं. परत पोथीत बघितलं आणि खरंच ऐकलं, माझंच. कितीतरी महिन्यांनी कळलं मी काय वाचतोय ते.
आरती, शिरा, नारळ. सौ.ने चमचाभर शिरा खाल्ला नि म्हणाली, "साखर कमी." करणारीचं तोंड एवढंसं.
माणसं पांगली. पोथी फडक्यात बांधून वर ठेवली.

२० जाने.
सकाळी ती नेहमीच्या वेळी उठली नाही. दाराशी आलो, आत जाववेना. उंबऱ्यावरच उभा. कोंबड्या कोंडलेल्या होत्या, कालवा चाललेला.
आतून आवाज: "कोंबड्यो सोडतास काय मीच येव?"
सोडल्या. खुराड्याची काडी निघता निघेना.
सूज मात्र जास्त आहे. गुडघ्यापर्यंत. डॉ.ना निरोप पाठवला.

२२ जाने.
डॉ. आले, इंजेक्शन. वसंतला ये म्हणून कळवलं. डॉ.नीच सांगितलं तसं.
ते गेल्यावर तिने शेवंताला जवळ बोलावून परत बांगड्याची गोष्ट काढली. शेवंताने माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवून बाहेर गेलो. थोड्या वेळाने चुलीवरून वास आला. खाल्ला नसेल, कोपरा चाखला असेल. विचारलं नाही.

२३ जाने.
दुपार. चो. बापूंना सकाळी देऊन आलो. शेवट तिला नको होता. "चोर गावलो तर गावलो. माका तांडेल होयो." म्हणजे एक पुस्तक न संपवताच गेलं घरातून, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.
ग. घेऊन बसलो. फर्मा चौदा, बरोबर तोच. वादळ ओसरतं, गलबत लांबून दिसतं. ती डोळे मिटून. मधेच म्हणाली, "सावकाश." सावकाश वाचलं. बंदरावर माणसं जमलीत, ती बायको गर्दीत नाही, घरीच थांबलीय. मला बरं वाटलं का कोण जाणे.
शेवटचं पान उरलं तेव्हा तिचा डोळा लागला. खरंच लागलाय, मी बघितलं. चेहरा शांत. आज श्वास ऐकत नाही, तो आपला चाललाय. उठवलं नाही. एकट्याने वाचून टाकावं असंही मनात आलं नाही.
डावं बोट पानात तसंच ठेवलंय, उजव्या हाताने हे लिहितोय. उठली की वाचू.