वाफ लागली म्हणून घरी बसवलेली माय

माय,

तुला जाऊन बारा वर्षं झाली, आणि परवा वर्गात तू एकदम समोर उभी राहिलीस. भर थंडी, पोरं स्वेटर घालून बसलेली, आणि माझ्या मानेवरून घामाच्या धारा. मी खिडकी उघडली तर एक पोरगी म्हणते, "मॅडम, थंडी वाजून राहिली ना!" एवढ्यावरून मी तिच्यावर अशी खेकसले की वर्ग चिडीचूप. मग माझं मलाच रडू आलं.

मी कॉलेजात होते त्या साली तू माझ्या आत्ताच्याच वयाची, सत्तेचाळीसची. हळद शिजली की न्हाई हे आख्ख्या गावात तुझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं. शेतावरच्या मोठ्या कढईतलं हळकुंड काढून त्यात काडी खुपसायचीस आणि म्हणायचीस, "काढा आता." त्या साली मात्र मधूनच तुझा चेहरा लालबुंद व्हायचा, पदरानं वारा घेत तू कुणावरही भडकायचीस. पाळी दोन दोन महिने यायची न्हाई, आली की थांबायची न्हाई. शेजारणी म्हणाल्या, कढईची वाफ लागली, उष्णता डोक्यात गेली. तुला सब्जाचं पाणी पाजलं. आणि मी, घरातली एकटी शिकलेली, बोलले, "माय, तू आता कढईवर जाऊ नको." तू हातातली काडी ठेवून ओसरीत येऊन बसलीस. ओसरीत बसूनही तुला घाम यायचाच, तरी वाफेवरचा आळ आमी काही काढला न्हाई. काय आमची अक्कल!

मला मात्र बाळापूरच्या डॉक्टरीणबाईंनी दोन महिन्यांआधीच नीट समजावलं. पाळी जायच्या आधी काही वर्षं शरीरातली हार्मोन्स वरखाली होतात. घाम, चिडचिड, मोडलेली झोप, सगळं त्यामुळं. "वेडबिड काही नाही हो हे," म्हणाल्या. रक्त तपासलं, पाळीच्या तारखा लिहून ठेवायला लावल्या. रोज चाला, चहा कमी करा, तकलीफ वाढली किंवा रक्त जास्त गेलं तर लगेच या, औषधं आहेत. चालणं सुरू केलंय, चहा काही सुटत न्हाई. लेक मोबाइलमध्ये तारखा भरून देते, "आज कुणावर बरसलीस?" विचारते आणि आमी दोघी हसत बसतो. बरं चाललंय माय, खरंच.

काल लेकीचे वडील मायेनंच म्हणाले, "काहून जिवाला त्रास करून घेतेस? वर्षभर बिनपगारी रजा टाक, घरी बस." मी म्हणलं, "घरी बसून घाम थांबतो का? माझ्या मायला बसवून पाह्यलंय आमी." आज पहिल्या तासाला मी वर्गावर होते. परवा जिच्यावर खेकसले त्या पोरीला जवळ बोलावलं, चूक माझी होती म्हणून सांगितलं. लाजली बिचारी.

हा कागद कुठल्या पेटीत टाकू? वहीतच राहील. पण एक लिहून टाकते. तुला कढईवर जाऊ नको म्हणलं तेव्हा मला तुझ्या तब्येतीची काळजी नव्हती माय. मला बघायला पाहुणे येणार होते, आणि तू चारचौघांत ओरडतेस हे त्यांच्या कानावर जाईल म्हणून मला तुझी लाज वाटत होती.