हजार लिटर गार पाणी

९ मे

नाथामामांचं आजही सुरूच! "दाजी, रोहिणीच्या मांडवातच योगिताचंबी उरकून टाका. एका खर्चात दोघी."  बारावी झाली, मला बीडला बीएस्सी करायचंय, हे आण्णांना ठाऊक आहे – पण मामांपुढे तोंड उघडत नाहीत. डोकंच फिरलं माझं. त्यात मामा लग्नातल्या पिण्याच्या पाण्यासाठी बर्फाचं बोलायला लागले – "हजार लिटर पान्याला चार लाद्या लागत्यात." म्हटलं, एक पुरे! सगळे हसले. आण्णा मात्र म्हणाले, "गार पान्याचं योगिता बघंल."

बघतेच!

१० मे

रांजणातलं पाणी मोजलं – अठ्ठावीस अंश. सोळावर आणायचं. हजार गुणिले बारा, बारा हजार किलोकॅलरी. बर्फ नुसता वितळतानाच किलोमागे ऐंशी ओढतो, मग त्याचं झालेलं पाणी सोळावर चढताना आणखी सोळा. शहाण्णव. भागलं – सव्वाशे किलो. एक लादीही सव्वाशेचीच! मीच माझी पाठ थोपटली.

१२ मे

घोळ! गावात टँकर आला, सहज थर्मामीटर बुडवलं – चाळीस! उद्या मांडवात हेच पाणी येणार, रांजणातलं नाही. रांजण पाझरतो म्हणून त्यातलं गार. पण आमच्या घरात उन्हाळ्यात पाणी म्हणजे रांजणच, हात तिकडेच गेला. पुन्हा मांडलं – चोवीस हजार. दोन लाद्या. मामा म्हणाले, "परवा येक, आज दोन. उद्या चारवर येशील!" लाज वाटली, पण हटले नाही. बर्फवाल्याला फोन केला – दोनच. टाकीला गुंडाळायला पोती भिजत घातली.

१३ मे

रोहिणीताई सासरी गेली. खूप रडले. पण पाण्याचं लिहिल्याशिवाय झोप यायची नाही – शेवटच्या पंगतीला सतरा अंश!! एकाच अंशाने हुकलं, तेवढं ऊन खाणारच. ताईचे सासरे आश्रुबा तांब्या रिकामा करून म्हणाले, "पानी लई गार हाय. कुनी केलं?"

"माझ्या योगितानं. गनित मांडून!" – आण्णा! भर मांडवात, मामांच्या देखत! अशी ताठ उभी राहिले मी. मामाही दोन तांबे प्यायले, गुपचूप.

मांडव उठला, एका खर्चाचं बोलणंही संपलं. आता बीड नक्की.

१५ मे

आश्रुबांचा निरोप आला. त्यांच्या धाकट्या मुलासाठी, परमेश्वरसाठी, मला मागणी. "अशी हुशार पोरगी आमालाच द्या."

आण्णा न्हाई म्हणाले नाहीत. "इचार करू," म्हणाले.

पिशवी भरून ठेवली. उद्या पहिल्या एसटीने बीड. कॉलेजात नाव घालायला. कुणाला विचारणार नाही.